हुंगणीचा प्रश्न

पहिल्या महिन्यात हुंगणीनं वॉर्डातलं जवळजवळ प्रत्येक बाळ आजारी ठरवलं.

तिचं काम तसं सोपं होतं. मऊ कापडाचा तुकडा बाळाच्या मानेखाली थोडा वेळ ठेवायचा, मग तो हुंगणीच्या फटीत सरकवायचा. बाळ ठीक असेल तर दिवा हिरवा, नसेल तर लाल. तो लालच व्हायचा. नर्स पळायच्या, आज्या पदर तोंडाला लावायच्या, डॉ. मोकाशी चष्मा कपाळावर सरकवत यायचे. बाळाचं रक्त पुण्याला जायचं आणि आठवड्यानं अहवाल यायचा, की बाळ ठणठणीत आहे.

"कणसे मॅडम," एक दिवस मोकाशी म्हणाले, "तुमच्या या बाईला सर्दी झालीय का बघा. नाहीतर परत घेऊन जा कॉलेजात."

ही बाई म्हणजे जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या रेहान मुजावरनं ते रसायनशास्त्राच्या कणसे मॅडमच्या हाताखाली खपून खपून तयार केलं होतं. त्याचं कागदावरचं नाव 'नवजात गंधपरीक्षक'. ते वॉर्डात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ईश्वरीनं हुंगणी म्हटलं आणि तेच चिकटलं.

ईश्वरी शेवाळे मराठीची विद्यार्थिनी. पहिल्या वर्षानंतर लग्न, मग रेवाचा जन्म, मग रेवा बसायला लागल्यावर पुन्हा कॉलेज. नव्या नियमानं पदवीच्या प्रत्येक मुलाला दोन विभागांत पाय ठेवून एक संशोधन करावं लागायचं, दोन्हीकडच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली. मराठीच्या लोखंडे सरांना ईश्वरीनं विषय दिला होता, मराठीतली वासाची विशेषणं. कुबट, खवट, करपट, मातकट, हिवसट, खरपूस, खमंग. कणसे मॅडमनी हे स्टाफरूममध्ये ऐकलं आणि चहा अर्धा ठेवून म्हणाल्या, "लोखंडे, ती वासवाली मुलगी मला द्या."

"मॅडम, मला बारावीला रसायनशास्त्र नव्हतं," ईश्वरी म्हणाली.

"मला वास कळतो, पण सांगता येत नाही. रेहानला मोजता येतो, पण तोही आकड्यात बोलतो. आईला काय आकडा सांगायचा? तू बोलायला शिकव तिला."

असं रेहाननं हुंगणीला नाक दिलं आणि ईश्वरीनं तोंड.

नाकाची गंमत अशी. पतंगाच्या मिशांमध्ये वास ओळखणारी प्रथिनं असतात. मैलभर लांबच्या मादीचा वास पतंगाला लागतो, तो त्यांच्यामुळे. ही प्रथिनं आता प्रयोगशाळेत, पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये वाढवता येऊ लागली होती. रेहाननं ती कार्बनच्या अतिशय पातळ पापुद्र्यावर बसवली. वासाचा रेणू येऊन चिकटला, की पापुद्र्यातून वाहणारी वीज जराशी बदलते. त्या बदलावरून कुठला रेणू, आणि किती, ते कळतं. कुत्र्याच्या नाकाइतकं तिखट आणि मोबाइलपेक्षा स्वस्त.

हुंगणी शोधत होती तो आजार लाखांत एखाद्या बाळाला होतो. नात्यात लग्नं होतात अशा घरांत जरा जास्त. दुधातल्या प्रथिनांचे शरीरात तुकडे होतात आणि त्यांतले तीन तुकडे पुढं मोडायला एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. काही बाळं ते विकर न घेताच जन्मतात. पोटात असेपर्यंत आईचं रक्त बाळाचं रक्त साफ करत राहतं, म्हणून काही कळत नाही. नाळ तुटली, बाळ दूध प्यायला लागलं, की ते तुकडे साचत जातात आणि मेंदूला सूज येते. पहिल्या आठवड्यात ध्यानात आलं तर खास दूध देऊन बाळ वाचतं, शहाणंसुरतं वाढतं. नंतर आलं तर वाचलंच तरी काय वाचलं, अशी गत. त्याची आधीची खूण एकच. बाळाला जळक्या साखरेचा वास येतो. बाहेरच्या देशात तिकडच्या एका झाडाच्या पाकावरून या आजाराला नाव दिलंय. तो पाक इथं कऱ्हाडात कुणी चाखलेला नव्हता.

मग सगळीच बाळं लाल का? ते कोडं कणसे मॅडमनी सोडवलं, तेही भुकेपोटी. वॉर्डातल्या एका आजीनं त्यांना डब्यातून लाडू दिला. मॅडमनी तो तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली आणला. "रेहान, हा हुंगणीत घाल."

दिवा लाल झाला.

"मेथीचा लाडू," मॅडम म्हणाल्या. "जळक्या साखरेचा वास आणि मेथीचा वास, रेणू एकच. सोटोलोन. बाळंतिणी लाडू खातायत, तो दुधातून, घामातून बाळाला लागतोय. आपली बाई लाडू हुंगतेय."

मोकाशी पोट धरून हसले. रेहाननं चार दिवसांत उपाय केला. हुंगणीनं आधी आईला विचारायचं, मेथी खाता का? आई हो म्हणाली, की मेथीच्या वाट्याचा वास वजा करायचा, आणि उरेल त्यावर दिवा लावायचा. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा हे ईश्वरीनं ठरवलं, आवाजही तिचाच. "तुम्ही मेथी खाता का?" मोजकं, मायेनं. त्यानंतर वॉर्ड हिरवागार झाला. मोकाशी एवढे खूश झाले, की त्यांनी जिल्ह्याच्या आरोग्य विभागाला कळवलं, आणि तिथले अधिकारी शनिवारी बघायला येणार असं ठरलं. त्यांना पसंत पडलं, तर आधी जिल्ह्यात, मग राज्यभर, प्रत्येक तालुक्याला एक हुंगणी. रेहानला बंगळूरच्या संस्थेत पुढच्या शिक्षणाची जागा मिळणार होती ती याच्या भरवशावर.

गुरुवारी दुपारी ईश्वरी घरी भिंतीला टेकून रेवाला पाजत होती. एका कानात इअरफोनची तार. हुंगणीला आयांनी दिलेली उत्तरं त्यांच्या परवानगीनं साठवलेली असायची, आणि रेवा पिता पिता झोपेपर्यंतचा वेळ हा ईश्वरीचा संशोधनाचा वेळ. बाळाला वास कसा येतो, असाही एक प्रश्न तिनं शब्दांसाठी म्हणून घालून ठेवला होता.

"कसला येणार, बाळाचा येतो," एक बाई म्हणाली.

"कोऱ्या पातळासारखा," दुसरी.

तिसरी आधी खाकरली. मग म्हणाली, "नवऱ्याला विचारून सांगते."

ईश्वरीला हसू आलं. रेवानं डोळे मिटूनच कपाळाला आठी घातली, म्हणून तिनं हसू आवरलं. पुढचा आवाज कोवळा होता, प्रतीक्षा नावाच्या मुलीचा.

"तुम्ही मेथी खाता का?" हुंगणीनं ईश्वरीच्याच आवाजात विचारलं.

"खाते की. आवडतीच मला. रात्री आईनं भाकरीसंगं आणलेली, लसूण घालून."

मागून टिंग असा आवाज आला. म्हणजे हिरवा.

ईश्वरीनं ते पुन्हा ऐकलं. लसूण घालून. लाडवात कोण लसूण घालतं?

भाजी ती मेथी आणि दाणे त्या मेथ्या. हे मराठीत पोरासोरांनाही माहीत असतं. मेथीची जुडी, मेथ्यांची फोडणी. पण लाडू वळताना मेथ्यांची मेथी होते. 'मेथ्यांचे लाडू' असं कुणी म्हणत नाही, 'मेथीचे लाडू'च म्हणतात. ईश्वरीच्या डोक्यात लाडू होते, म्हणून तिनं मेथी लिहिलं. मॅडमच्या हातात लाडू होता, म्हणून त्यांना ते बरोबर वाटलं. रेहाननं दोन्ही शब्दांकडं पाहिलंच नव्हतं. आणि त्या पानांत तो वास इतका थोडा असतो, की तो बाळापर्यंत पोचायचाच नाही. म्हणजे प्रतीक्षाच्या बाळाच्या अंगावरून हुंगणीनं जो वास पुसून टाकला, तो मेथीचा नव्हताच.

पुसून टाकण्याइतका वास होता का, एवढंच बघायचं राहिलं. तिनं रेहानला फोन लावला.

"वजाबाकीच्या आधीचा आकडा बघ. प्रतीक्षा जगदाळे. मंगळवारी घरी सोडलंय."

"ताई, मी शनिवारच्या स्लाइड करतोय."

"बघ म्हटलं ना."

कळांचा आवाज आला. "लाल," रेहान म्हणाला. "चांगलाच लाल. पण मेथी खाल्लेल्या सगळ्यांचाच असतो."

"तिनं भाजी खाल्लीय रे. मेथ्या नाही."

"दोन्ही मेथीच ना?"

"नाही."

त्याला पटायला दोन वाक्यं लागली. मग त्याचा आवाज उतरला. "रक्त पुण्याला गेलंय तिच्या बाळाचं, खात्रीसाठी सगळ्यांचंच पाठवतो ना. सोमवारी कळेल. ताई, सोमवारपर्यंत आपण जरा..."

"सोमवारपर्यंत त्या बाळाचं काय शिल्लक राहील, ते तूच मला शिकवलंयस."

रेहाननं लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "गाडी काढतो. हुंगणी घेऊ?"

"घे."

कणसे मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तिचा फोन लागतो का?" लागत नव्हता. "मग जा दोघं. मी मोकाशींना सांगून वॉर्डातली तपासणी थांबवते, आणि ज्या ज्या बायकांनी हो म्हटलंय, त्यांना एकेकीला विचारत बसते की बाई, भाजी का लाडू. लोखंडेंनाही बसवते फोनवर. मराठीचं काम आहे म्हणते."

आत्या, म्हणजे ईश्वरीच्या सासूबाई, नात्यानं आत्या नव्हे, नुसत्या म्हणायच्या आत्या, उंबऱ्यातच उभ्या होत्या. "भरल्या उन्हाची कुठं निघालीस?"

"एका बाळाला बघायला."

"डॉक्टर झालीस व्हय? वास घ्यायला कॉलेज लागतंय हेच मला नवल हाय, त्यात आता..." ईश्वरीचा चेहरा बघून त्या थांबल्या. झोपलेल्या रेवाला त्यांनी अलगद आपल्या खांद्यावर घेतलं. "जा. उठली तर पेज देते. पण लई उशीर करू नगंस, दूध भरून येतंय न् मग तुझंच अंग ठणकतंय."

माळवाडी डोंगराच्या पोटाशी. रेहान बोलत नव्हता. चढाला मोटारसायकल हळू झाली तेव्हा म्हणाला, "वजाबाकी माझी होती."

"शब्द माझा होता. गाडी बघ."

प्रतीक्षाच्या माहेरच्या घरात शेणानं सारवल्याचा ओला वास होता. कोपऱ्यात धुतलेला पाटा-वरवंटा मांडून ठेवलेला, शेजारी कोरा कागद आणि पेन. आज पाचवी. आज सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहिणार. प्रतीक्षाची आई वैशालीकाकू हळदीचे हात पुसत बाहेर आल्या. दवाखान्यातनं आलोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

"या की. बघा कसं गोड हाय. लई गुणाचं बाळ, रडणं कसं ते ठाऊकच नाही. काल दुपारपासनं नुसतं झोपतंय."

ईश्वरी प्रतीक्षाशेजारी चटईवर बसली. प्रतीक्षा एकवीस वर्षांची असेल नसेल. डोक्याला फडकं, डोळ्यांखाली काळं. ईश्वरीनं बाळाच्या तळव्याला टिचकी मारली. रेवा या वयात अशा टिचकीला घर डोक्यावर घ्यायची. या बाळानं हात एकदा लाकडासारखे ताठ केले आणि मग सोडून दिले. ईश्वरी वाकली आणि तिनं त्याच्या कानामागं नाक नेलं.

पाक जास्त झाला, की कढईच्या काठाला जो वास सुटतो, तो.

"सकाळपासून प्यायलंय?" तिनं हळूच विचारलं.

"तोंडात धरतो न् सोडतो," प्रतीक्षा म्हणाली.

"लाडू खातेस का गं? मेथीचे?"

"आमच्यात बारशापर्यंत लाडू नसत्यात," उत्तर काकूंनी दिलं. "हळिवाची खीर फक्त. का?"

रेहाननं हुंगणी उघडली, बाळाच्या मानेखालचं कापड आत सरकवलं. मोबाइलवर आकडा चढत गेला. तो पुसायला कारणच उरलं नव्हतं, तरी रेहान म्हणाला, "ताई, पण आपण आधी एकदा चुकलोय. परत चुकलो तर?"

ईश्वरी प्रतीक्षाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तिचा घे."

"कुणाचा?"

"आईचा. लाडू असो नाहीतर भाजी, वास बाळापर्यंत जातो तो आईतूनच ना? मग तो आईच्या अंगाला जास्त यायला हवा. बाळाला आईपेक्षा जास्त येत असेल, तर तो बाळाचा स्वतःचा."

रेहाननं कापडाचा नवा तुकडा पुढं केला. प्रतीक्षानं काही न विचारता तो मानेखाली धरला. थोड्या वेळानं हुंगणीत घातला. रेषा सपाट. प्रतीक्षाच्या अंगाला घामाचा, तुपाचा, धुरीच्या ओव्याचा वास होता, आणि त्या रेणूचा मागमूस नव्हता.

"हे आपल्याला आधीच का सुचलं नाही?" रेहान पुटपुटला.

"आपण बाळाकडंच बघत बसलो होतो."

तिनं मोकाशींना फोन लावला. ते या वेळी हसले नाहीत. दूध ताबडतोब बंद, तोंडानं काही देऊ नका, बाळाला घेऊन सरळ जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात या, मी तिथं बोलून ठेवतो.

"आज?" वैशालीकाकू म्हणाल्या. "आज पाचवी हाय. ही रात सरल्याबिगर उंबरा ओलांडायचा न्हाई बाळानं. उद्या सकाळी बघू."

"काकू, उद्या उशीर होईल."

"तुमच्याच मशीननं बरं हाय म्हटलं की. हिरवं लागलेलं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"मशीनला प्रश्न मी शिकवला होता. चुकीचा शिकवला."

"मग आज बरोबर कशावरनं?"

ईश्वरीला खोटा धीर देता आला असता. तो तिनं दिला नाही. "कशावरनंच नाही, काकू. मी डॉक्टर नाही, मी मराठी शिकते. चुकीची निघाले, तर उद्या तुमच्या दारात येऊन नाक घासीन. पण बरोबर निघाले, तर उद्या कुणाच्याच हातात काही नसेल."

"न् रातच्याला सटवाई आली, तर रिकामा पाळणा बघून काय लिहील ती?"

"ती दवाखान्यात येईल की. आताशा निम्म्या गावाची पाचवी तिथंच होते. तिला वाट माहीत आहे."

काकूंच्या ओठाची कड हलली, पण त्यांनी मान हलवली नाही. तेव्हा प्रतीक्षा उठायला लागली. टाके ओढले, तशी तिनं दाताखाली ओठ धरला.

"आई, तो काल दुपारपासून प्यायलेला न्हाई. तू गुणाचा गुणाचा म्हणतीस, म्हणून मी गप्प बसले."

काकूंनी पाट्याशेजारचा कोरा कागद उचलला, चौघडी करून पोलक्यात ठेवला आणि शेजारच्या घराकडं तोंड करून हाक मारली, "बापू, गाडी काढ रे."

जीप डोंगर उतरायला लागल्यावर प्रतीक्षानं सवयीनं बाळाला छातीशी घेतलं. ईश्वरीनं हात मधे घातला. हे सांगणं तिला सगळ्यांत जड गेलं. "नको. दूध नको देऊस. तुझं दूध चांगलंच आहे गं, पण त्याला ते पचत नाही." प्रतीक्षा तिच्याकडं बघत राहिली. तिच्या पोलक्यावर दोन ओले डाग पसरत गेले. ईश्वरीच्या छातीतही कळ आली, रेवाची वेळ झाली होती. दोघी तशाच शेजारी शेजारी बसून राहिल्या, मधे ते झोपाळू बाळ.

रात्रीपर्यंत मोठ्या दवाखान्यातल्या तातडीच्या तपासणीत निदान पक्कं झालं. सलाईनमधून साखर, नळीतून ते तीन तुकडे नसलेलं खास दूध. तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, आत्ता काही सांगता येत नाही, पण मेंदूची सूज अजून उतरणारी आहे. उद्या आला असतात, तर मी असं म्हटलं नसतं.

शुक्रवारभर कॉलेजात फोन चालू होते. लोखंडे सर कागद पुढं घेऊन अगदी परीक्षकाच्या सुरात विचारत होते, "ताई, भाजी की लाडू? नाही, मला पाठवू नका, तुम्ही काय खाल्लं ते सांगा." भाजीवाल्या आणखी निघाल्या. त्या सगळ्यांच्या बाळांचा आधीचा आकडा रेहाननं तपासला. एकही लाल नव्हता. तेव्हा कुठं मॅडमनी जेवणाचा डबा उघडला.

"उद्या काय सांगायचं?" रेहाननं विचारलं. त्याच्या आवाजात तक्रार होती आणि ती लपवायचा त्याला कंटाळा आला होता. "नवा प्रश्न घातलाय, मेथ्या म्हणून. उद्या सगळं नीट चालेल. मधलं सांगायलाच हवं का?"

"ते तुम्ही दोघं ठरवा," मॅडम म्हणाल्या. "तुमचं संशोधन आहे. मी ठरवायला लागले, तर ते माझं होईल."

"ताई, माझं बंगळूर जाईल."

"जाईल कदाचित," ईश्वरी म्हणाली. तिला वाईट वाटत होतं आणि तरी शब्द सरळ आले. "पण नुसता शब्द बदलून पुरणार नाही, रेहान. चंदगडकडं मेथ्यांना काय म्हणतात, मला ठाऊक नाही. तिकडं धुळ्याकडं काय म्हणतात, तेही नाही. प्रत्येक तालुक्यात आपण एकेक प्रतीक्षा हिरवी करत जाऊ. प्रश्नच काढून टाकू. आईचा वास घेऊ. तो सगळीकडं एकाच भाषेत असतो."

रेहान बराच वेळ नखानं टेबलाची कड खरवडत होता. "दोन्ही वासांचं गुणोत्तर काढायचं, तर निदान दोनशे जोड्या मोजाव्या लागतील," तो शेवटी म्हणाला. "आया आणि बाळं."

"मोजू."

"परीक्षा आहे."

"मला तर रेवासुद्धा आहे. मोजू."

शनिवारी अधिकाऱ्यांपुढं यंत्र रेहाननं दाखवलं आणि माळवाडीचं ईश्वरीनं सांगितलं. मेथी, मेथ्या, लसूण, पाचवी, सगळं. मोकाशी खिडकीबाहेर बघत होते. अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे यंत्र फसलं."

"नाही मॅडम, यंत्राला वास आला होता. आम्ही त्याला गप्प केलं."

हुंगणी तालुक्यांना गेली नाही. सहा महिन्यांनी आई-बाळाच्या जोड्यांचे आकडे घेऊन या, मग बघू, असं ठरलं. बंगळूरनं रेहानला कळवलं, की यंदा जमणार नाही, पण काम पुरं झालं की पुन्हा लिहा. तो दोन दिवस ईश्वरीशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वॉर्डात आला तेव्हा त्याच्या हातात कापडाच्या तुकड्यांचे दोन गठ्ठे होते, एकावर 'आई' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'बाळ'. "अक्षर वाईट आहे," एवढंच म्हणाला. "मराठी विभागानं बघून घ्यावं."

ईश्वरी एक दिवसाआड जिल्ह्याच्या दवाखान्यात जायची. कधी रेवा आत्यांपाशी, कधी कडेवर. बाळ काचेच्या पेटीत होतं. नळ्या लावलेल्या, छाती नीट हलायची. प्रतीक्षा पेटीजवळ स्टुलावर बसून असायची.

"माझं आटंल का?" एकदा तिनं विचारलं. "तो पीत नाही म्हटल्यावर दूध थांबंलच की."

"थांबू द्यायचं नाही. डॉक्टर म्हणाल्यात ना, रक्तात साचलेलं खाली आलं, की त्याला थोडं थोडं आईचं देणार. मोजून, पण आईचंच. तोवर टिकवायचं."

"कसं?"

ईश्वरीनं पडदा ओढला. रेवाच्या वेळी तिला कुणी शिकवलं नव्हतं, ती रडत रडत शिकली होती. तिनं प्रतीक्षाचा हात धरून दाखवलं, अंगठा कुठं, बोटं कुठं, आधी मागं दाबायचं, मग पुढं आणायचं. पहिल्यांदा काहीच आलं नाही. प्रतीक्षा चिडली, "नाही जमत मला." मग बाळाकडं बघून कर, ईश्वरी म्हणाली. वाटीत पहिला थेंब पडला तेव्हा त्याचा आवाजही झाला नाही. त्या वाट्या नर्स घेऊन जायच्या. खालच्या मजल्यावर अपुऱ्या दिवसांची बाळं होती, त्यांना ते दूध जायचं. प्रतीक्षानं एकदा विचारलं, किती बाळं आहेत खाली? कळल्यावर ती नुसती हं म्हणाली आणि त्यानंतर तिनं एकही वेळ चुकवली नाही. वैशालीकाकू घड्याळ बघून तिला उठवायच्या, "ऊठ गं. खालची वाट बघत असतील."

नळ्या एकेक करून निघाल्या. बाळ डोळे उघडून पेटीच्या काचेतून उजेडाकडं बघायला लागलं. जळक्या पाकाचा वास विरत गेला. एका सकाळी ईश्वरी पोचली, तर डॉक्टर बाई प्रतीक्षाशेजारी उभ्या होत्या.

"रक्त चांगलं आलंय. आज सुरू करू. पण ऐक, नीट ऐक. हे जन्मभराचं आहे. डाळ, दूध, अंडं, सगळं मोजून. त्याला आवडलं म्हणून जास्त नाही, तो रडला म्हणून जास्त नाही, पाव्हणे म्हणाले म्हणून तर अजिबात नाही. जमेल?"

"जमंल," प्रतीक्षा म्हणाली.

"आज एक चमचा. बाकीचं डब्यातलं खास दूध."

प्रतीक्षानं ताजं दूध काढलं. नर्सनं मापाच्या चमच्यात काठोकाठ भरून दिलं. काकूंनी बाळाचं डोकं हातावर घेतलं. प्रतीक्षानं चमचा ओठांना लावला. बाळानं आधी जीभ बाहेर काढली, मग तोंड मिटलं, मग गिळलं. थोडं थोडं करत चमचा रिकामा झाला. तरी ते तोंड वासून मान इकडं तिकडं वळवत राहिलं, आणि मिळत नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा गोळा झाला, कान लाल झाले, आणि वॉर्डातली सगळी माणसं वळून बघतील असं ते ओरडलं.

प्रतीक्षाचं पोलकं भिजलं. वाटीत अजून अर्धं दूध होतं, तिच्या हाताशीच. काकूंनी वाटीकडं पाहिलं, मग लेकीकडं. प्रतीक्षानं वाटी उचलली आणि नर्सच्या हातात दिली.

"हे खाली न्या," ती म्हणाली. मग ओरडणाऱ्या बाळाला छातीशी घट्ट धरून त्याच्या कानाशी वाकली. "उद्या परत, बाळा. उद्या परत एक."